ना समुद्र, ना पाऊस: सोलापुरात राहून हवामान-समुद्रावर संशोधन होतं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारी मुलगी अक्कलकोट तालुक्यातली, सोलापुरात एम.एस्सी. फिजिक्सच्या पहिल्या वर्षाला. हवामान, समुद्र, क्लायमेट यात पीएच.डी. करायची आहे. वडील म्हणतात, "इथं ना समुद्र ना पाऊस, अभ्यास कशाचा करणार? त्यापेक्षा बी.एड. कर." तिला तीन गोष्टी हव्यात: पुण्याला गेल्याशिवाय हे होतं का, इथेच राहायचं तर विषय कोणता घ्यावा, आणि पुढे पोटापाण्याचं काय.

मी मूळची सोलापूरचीच, आणि नोकरीची सगळी वर्षं याच क्षेत्रात गेली, त्यामुळे सविस्तर लिहिते. दुसऱ्या प्रश्नावर जास्त वेळ घेणार आहे, कारण बहुतेक मुलांचं गाडं विषयापाशीच अडतं.

आधी वडिलांचं बघू. त्यांचं निम्मं बरोबर आहे. जिल्ह्याचा वर्षाचा सरासरी पाऊस साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास. सरळ रेषेत अडीचशे किलोमीटरही लांब नसलेल्या महाबळेश्वरला साडेपाच हजारांच्या आसपास. म्हणजे दहापट. अरबी समुद्रावरून आलेलं बाष्प घाट चढताना गळून जातं, आणि घाट ओलांडून आपल्याकडे उतरणारी हवा तापत, कोरडी होत उतरते. जुलैत सोलापुरात उभं राहिलं की दिसतं ते हेच: वारा भणाणतोय, ढग पश्चिमेकडून पूर्वेकडे पळतायत आणि खाली थेंब नाही. हवामानशास्त्रात याला पर्जन्यछाया म्हणतात, आणि त्यातल्या ढगांचं नेमकं काय बिनसतं हा जगभर अभ्यासाचा विषय आहे. पाऊस कमी म्हणून संशोधनाला विषय नाही, हे म्हणणं दवाखान्यात पेशंट आहेत म्हणून डॉक्टरकी शिकता येणार नाही असं म्हणण्यासारखं झालं.

आता समुद्राचं. आपला पाऊस मुख्यतः सप्टेंबरचा. मृगात पेरणीपुरतं भिजतं, मग मोठा खंड, आणि उत्तरा-हस्तात खरा पाऊस. आपल्या भागातली जुनी माणसं "हत्तीनं हात दिला" म्हणतात (हत्ती म्हणजे हस्त) ते उगीच नाही. त्या सुमाराला पश्चिमेचे वारे मंदावलेले असतात आणि बंगालच्या उपसागरात तयार झालेली कमी दाबाची क्षेत्रं आंध्र-तेलंगणावरून दख्खनच्या पठारावर सरकतात. काळ्या रानात जी ओल मुरते ती या पावसाची, आणि मंगळवेढ्याची ज्वारी त्या ओलीवर उभी असते. मोहोळच्या संशोधन केंद्रात निवडलेली मालदांडी ३५-१ ही ज्वारीची जात इतकी वर्षं टिकली ती याच वेळापत्रकात बसते म्हणून.

टोकाचं उदाहरण घ्यायचं तर ऑक्टोबर २०२० आठवा. बंगालच्या उपसागरातलं एक डीप डिप्रेशन, म्हणजे कमी दाबाचं तीव्र क्षेत्र, १३ ऑक्टोबरला सकाळी काकीनाड्याजवळ किनाऱ्यावर आलं. एरवी अशी सिस्टिम जमिनीवर चढली की एक-दोन दिवसांत विरते. ही तेलंगणा आणि उत्तर कर्नाटक पार करून थेट आपल्या डोक्यावरून गेली आणि पुढे अरबी समुद्रात उतरली. १४ तारखेचा तो पाऊस, भीमेचा आणि सीनेचा पूर, वाहून गेलेल्या द्राक्ष-डाळिंबाच्या बागा तुमच्या वडिलांना आठवत असतील. तो पाऊस पाडणारं पाणी बंगालच्या उपसागराचं होतं. तेव्हा समुद्र सोलापूरला लागून नसला तरी सोलापूरचा सप्टेंबर-ऑक्टोबर समुद्राशिवाय समजत नाही.

आणि प्यायचं पाणी? उजनी भरते ती सोलापूरच्या पावसावर नाही, पुणे जिल्ह्यातल्या घाटमाथ्याच्या पावसावर. आपल्याकडचे लोक जुलैत आकाशाकडे बघण्याऐवजी पेपरात दौंडचा विसर्ग किती क्युसेक आहे ते बघतात. धरणाची एकूण साठवण साधारण ११७ टीएमसी, त्यातला निम्म्याहून जास्त मृतसाठा, म्हणून "उजनी मायनसमध्ये गेली" ही आपली दर उन्हाळ्याची बातमी. एका जिल्ह्याचं पिण्याचं पाणी एका समुद्रावरून येतं आणि रब्बीची ओल दुसऱ्या समुद्रावरून. इतका सुंदर प्रश्न दारात असताना लोक पीएच.डी.ला अंटार्क्टिकाची स्वप्नं बघतात. (बघू नयेत असं नाही. गोव्याच्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रातून लोक जातातही. पण तिथला विषय तिथे गेल्यावर सुचतो.)

पुण्याच्या शास्त्रज्ञांनी सोलापूर निवडलं ते याचसाठी. पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचा, म्हणजे आयआयटीएमचा, काइपिक्स नावाचा प्रकल्प २००९ पासून ढगांमधून विमानं नेऊन मोजमाप करतोय. त्याचा चौथा टप्पा २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यात सोलापुरात झाला: सी-बँड रडार, विमानं, जिल्हाभर पर्जन्यमापकं. प्रश्न एकच होता, ढगात बी पेरल्यावर खरोखर पाऊस वाढतो का?

या प्रयोगाबद्दल जरा थांबून सांगते, कारण संशोधन म्हणजे काय हे त्यातून जितकं कळतं तितकं कुठल्याही व्याख्येतून कळत नाही. आपल्याकडच्या हवेत धुळीचे, धुराचे बारीक कण भरपूर असतात. ढगातलं पाणी या असंख्य कणांत वाटलं जातं आणि थेंब इतके बारीक राहतात की एकमेकांवर आदळून मोठे होत नाहीत. मग विमानानं ढगाच्या तळाशी, जिथे हवा वर चढत असते तिथे, कॅल्शियम क्लोराइडच्या नळकांड्या जाळायच्या. त्यातून पाणी ओढून घेणारे मोठे कण सुटतात, ते भराभर मोठे थेंब बनवतात आणि वाटेतले बारीक थेंब गोळा करत खाली येतात. कल्पना अशी. पण समजा पेरलं आणि पाऊस पडला, तर तो पेरल्यामुळे पडला हे कशावरून? तो ढग तसाही बरसणार होता, असं कोणीही म्हणेल, आणि बरोबरच म्हणेल. म्हणून शास्त्रज्ञांनी ढग आधी निवडायचा, आणि मग तो पेरायचा की नुसता बघायचा हे यदृच्छेवर सोडायचं, अशी रचना केली. असे २७६ ढग. २०२३ मध्ये निष्कर्ष छापले गेले: काही ठिकाणी सरासरी ४६ टक्क्यांच्या आसपास वाढ, वारा जिकडे वाहतो त्या बाजूच्या १०० चौरस किलोमीटर क्षेत्रावर १८ टक्क्यांच्या आसपास, आणि पाण्याचा खर्च लिटरला साधारण १८ पैसे.

पेपरात "कृत्रिम पाऊस यशस्वी" एवढंच आलं. त्यातली मेख अशी की हे सगळं योग्य ढग मिळाला तर. ढग नसेल तर पेरायचं कशात? आणि ज्या वर्षी दुष्काळ असतो त्या वर्षी नेमके असे ढग कमी असतात. कोणत्या आठवड्यात, दिवसाच्या कोणत्या वेळी, जिल्ह्याच्या कोणत्या बाजूला पेरण्याजोगे ढग किती वेळा येतात, यावर अजून कितीतरी काम बाकी आहे, आणि ते करायला विमान लागत नाही. उपग्रहाची चित्रं लागतात, आणि इन्सॅटची चित्रं इस्रोच्या मोसडॅक पोर्टलवर नोंदणी केली की मिळतात.

म्हणजे पुण्याला जावं लागतं का? नोंदणी कुठे करायची हा एक प्रश्न आहे आणि काम कोणाबरोबर करायचं हा दुसरा. आपल्या पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर विद्यापीठात फिजिक्स आहे, भूशास्त्र आणि जिओइन्फर्मेटिक्स आहे, पर्यावरणशास्त्र आहे. पण फक्त हवामानशास्त्राला वाहिलेला मोठा विभाग नाही. तसा विभाग हवा असेल तर पुणे विद्यापीठाचा वातावरण व अवकाश विज्ञान विभाग, कोचीन विद्यापीठ, विशाखापट्टणमचं आंध्र विद्यापीठ, बंगळूरच्या आयआयएस्सीचं आणि दिल्ली आयआयटीचं केंद्र, खरगपूर आयआयटी ही नावं डोळ्यासमोर ठेवा. समुद्रच करायचा तर गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि हैदराबादचं इन्कॉइस, म्हणजे महासागर माहिती सेवा केंद्र. नेट-जेआरएफ, म्हणजे परीक्षेतून मिळणारी संशोधन शिष्यवृत्ती, मिळाली तर जा, बिनदिक्कत जा. सीएसआयआरच्या परीक्षेत पृथ्वी, वातावरण, महासागर आणि ग्रह विज्ञान असा स्वतंत्र पेपर आहे. फिजिक्सवाल्यांना तो जड जात नाही, फक्त भूशास्त्राचा भाग वेगळा बसून करावा लागतो. जेआरएफला महिना ३७,००० रुपये आणि घरभाडं मिळतं, हे वडिलांना जरूर सांगा. बी.एड.ला फी भरावी लागते.

नाही मिळाली, किंवा घर सोडता येत नाही, तर इथे नोंदणी करून पुण्यातला सहमार्गदर्शक घ्या. सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसनं जायचं, दिवसभर काम करून रात्री परत. महिन्यातून दोनदा हे जमवणारी मुलं मी पाहिली आहेत आणि त्यांचे प्रबंध होस्टेलवर राहणाऱ्यांपेक्षा काही कमी नव्हते. उलट पंधरा दिवस मनात साठलेले प्रश्न घेऊन येणारा विद्यार्थी मार्गदर्शकालाही बरा वाटतो.

आता विषय. काय घेऊ नये ते आधी सांगते.

पहिला: "सोलापूर जिल्ह्याच्या पर्जन्यमानाचे कल विश्लेषण". तीस-चाळीस वर्षांचे आकडे घ्यायचे, मान-केंडल ही कल तपासणारी सांख्यिकी चाचणी लावायची, अकरा तालुक्यांचे अकरा तक्ते, आणि शेवटी "अमुक तालुक्यात वाढ, तमुकमध्ये घट, ती सांख्यिकीदृष्ट्या महत्त्वाची नाही". महाराष्ट्रातल्या प्रत्येक जिल्ह्यावर असे प्रबंध पडून आहेत. आपल्याकडे एका वर्षी तीनशे आणि पुढच्या वर्षी आठशे मिलिमीटर होऊ शकतो. एवढ्या चढउतारात तीस वर्षांचा कल दिसणारच नाही, हे चाचणी लावण्याआधी माहीत असतं. ज्या प्रश्नाचं उत्तर काहीही आलं तरी कोणाचं काही बदलत नाही, त्याला चार-पाच वर्षं देऊ नयेत.

दुसरा: उपग्रहाच्या चित्रावरून शहराचं उष्णता-बेट, म्हणजे शहर भोवतालापेक्षा किती तापतं ते. यात एक मोठी गोम आहे. लँडसॅट हा उपग्रह आपल्यावरून जातो सकाळी साडेदहाच्या सुमाराला आणि तो मोजतो जमिनीच्या पृष्ठभागाचं तापमान, हवेचं नाही. एप्रिल-मेमध्ये सोलापूरभोवतीची रानं नांगरून पडलेली असतात, उघडी, काळी, कोरडी. ती शहरापेक्षा जास्त तापतात. म्हणजे चित्रात शहर थंड आणि बाहेर लाल दिसतं. कोरड्या प्रदेशातल्या बऱ्याच शहरांत उन्हाळ्यात दिवसा असंच दिसतं. मग विद्यार्थी घाबरतो, तारीख बदलून बघतो, आणि मनासारखं हिवाळ्यातलं एखादं चित्र घेऊन मोकळा होतो. शहराचा खरा उकाडा रात्रीचा असतो, भिंती आणि सिमेंटचे रस्ते दिवसभराची उष्णता सोडतात तेव्हाचा. करायचंच असेल तर रात्रीचं करा, आणि पूर्व भागातल्या पत्र्याच्या घरांत, जिथे आत यंत्रमाग चालतो, तिथे तापमापक ठेवून करा. ते काम मला वाचायला आवडेल.

तिसरा: डब्ल्यूआरएफ हे हवामानाचं संगणकी मॉडेल चालवणं. फुकट आहे, चांगलं आहे, मीही वापरते. पण एकच पावसाची घटना घेऊन पाच वेगवेगळ्या सेटिंगनी पाच नकाशे काढायचे आणि "तिसरा जास्त जुळतो" म्हणायचं, याला संशोधन म्हणवत नाही. दुसरी घटना घेतली की चौथा जुळतो.

बरं, मग काय घ्यावं? माझ्या मते तुमच्यासाठी सगळ्यात चांगला विषय असा: सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सोलापूरच्या पावसापैकी किती पाऊस बंगालच्या उपसागरातून आलेल्या सिस्टिम्सबरोबर येतो आणि किती इथल्याच दुपारच्या गडगडाटी ढगांतून? तो वाटा बदलत चालला आहे का? आणि सिस्टिम किनाऱ्यावर कुठे चढली तर आपल्याकडे पोचते, कुठे चढली तर ओडिशा-विदर्भाकडे निघून जाते? यात समुद्र आहे, हवा आहे, आणि उत्तर आलं तर रब्बीच्या पेरणीचा सल्ला देणाऱ्या माणसाला ते वापरता येतं. शिवाय प्रत्येक टप्प्याला उत्तर चुकीचं निघू शकतं, ही माझ्या लेखी विषयाची खरी परीक्षा.

सामग्री फुकट आहे. भारतीय हवामान विभागाच्या पुणे कार्यालयाच्या संकेतस्थळावर १९०१ पासूनचा रोजचा पाऊस पाव अंशाच्या चौकटींत मिळतो, वर्षाला एक फाइल. देशावर १३५ गुणिले १२९ बिंदूंची जाळी. दक्षिणेला साडेसहा अंशांवर आणि पश्चिमेला साडेसहासष्ट अंशांवर सुरू होते. सोलापूर शहर १७.६६ उत्तर, ७५.९१ पूर्व, तेव्हा तुमचा सगळ्यात जवळचा बिंदू १७.७५ आणि ७६.००. जिथे आकडा नाही तिथे उणे ९९९ असतं; ते काढायला विसरलात तर सरासरी पाऊस ऋण येतो आणि पोरं रात्रभर कोड तपासत बसतात. सिस्टिम्सचे मार्ग हवामान विभागाच्या चक्रीवादळ ॲटलासमध्ये १८९१ पासूनचे आहेत. वारा, आर्द्रता, दाब यासाठी युरोपीय हवामान केंद्राचं ईआरए-५, म्हणजे जुन्या नोंदी आणि मॉडेल जोडून केलेली हवामानाची मांडणी, १९४० पासून तासातासाची. हे सगळं एका बऱ्या लॅपटॉपवर, पायथॉनमध्ये, एक्सअरे ही त्यातली लायब्ररी वापरून होतं. सुपरकॉम्प्युटर लागत नाही.

इथे एक अडचण सांगते जी पुस्तकात सहसा नसते. आपल्याकडे पाऊस सकाळी साडेआठला मोजतात. १५ तारखेच्या नावावर नोंदलेला पाऊस म्हणजे १४ च्या सकाळी साडेआठपासून १५ च्या साडेआठपर्यंतचा. ईआरए-५ चा किंवा उपग्रहाचा "दिवस" मात्र ग्रिनिचच्या मध्यरात्री सुरू होतो, म्हणजे आपल्या पहाटे साडेपाचला. आणि गडगडाटी पाऊस तर संध्याकाळी आणि रात्री पडतो. नुसत्या तारखा जुळवल्या तर १४ च्या रात्रीचा पाऊस एका फाइलमध्ये १४ ला आणि दुसरीत १५ ला. मग आलेख जुळत नाहीत आणि दोष उपग्रहाला जातो. तासातासाचे आकडे घेऊन साडेआठ ते साडेआठ बेरीज करा, निम्मे मतभेद तिथेच मिटतात.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे प्रत्यक्ष पर्जन्यमापक जाऊन बघणं. प्रबंध सुरू करण्याआधी तालुक्याच्या ठिकाणी जा, परवानगी घ्या आणि तो बसवलाय कुठे ते बघा. नियमानं त्याचा काठ जमिनीपासून ३० सेंटिमीटरवर हवा, सपाट हवा, आणि झाड-भिंत यांच्यापासून त्यांच्या उंचीच्या निदान दुप्पट लांब हवा. प्रत्यक्षात बसवला तेव्हा रोप असलेला कडुनिंब आता छपराएवढा झालेला असतो. वाऱ्यानं तिरपा येणारा पाऊस तो अडवतो, आणि थांबल्यावर फांद्यांवरून गळणारा आत सोडतो. वरच्या चाडीत पाला, कबुतराची पिसं, कोळ्याची जाळी. स्वयंचलित यंत्रात दोन बाजूंना कलणारी छोटी बादली असते. ठरावीक पाणी भरलं की ती कलते आणि एक ठोका नोंदला जातो. धो धो पाऊस आला की बादली कलायच्या क्षणात पाणी वाया जातं आणि नोंद कमी होते. म्हणजे आपल्याला ज्या दिवसाचा आकडा सगळ्यात जास्त हवा, नेमका त्या दिवशी तो कमी येतो.

जुनी वही मिळाली तर आणखी मजा. पान उलटत गेलं की दिसतं, सगळे आकडे पाच आणि दहाच्या पटीत आहेत. रविवारी शून्य, सोमवारी दुप्पट. कोरं पान टाइप करताना शून्य झालेलं. याचा राग धरू नका, वही लिहिणाऱ्याला इतर पन्नास कामं होती. पण शून्य आणि "नोंद नाही" यात फरक न करणारा प्रबंध मी पुढे वाचत नाही. २०१७ च्या सुमाराला महावेध प्रकल्पातून राज्यभर महसूल मंडळ पातळीवर दोन हजारांहून अधिक स्वयंचलित केंद्रं बसली. त्यांची नोंद आणि जुन्या तालुका मापकांची नोंद एकमेकांशी कशी जोडायची, हा प्रश्नच एका प्रबंधाइतका आहे. विमा मिळणार की नाही हे त्या आकड्यावर ठरतं, त्यामुळे आमच्या मंडळात पाऊस नोंदलाच नाही म्हणून गावकरी भांडतात, आणि कधी कधी त्यांचं खरं असतं.

समुद्राकडच्या बाजूला अर्गो वापरा. हे तरंगते संवेदक हजार मीटर खोलीवर वाहत राहतात, दर दहा दिवसांनी दोन हजार मीटरपर्यंत बुडी मारून वर येताना तापमान आणि क्षारता मोजत येतात आणि उपग्रहाला कळवतात. जगभरात चार हजारांच्या आसपास आहेत, आणि त्यांच्या नोंदी कोणालाही खुल्या. हिंदी महासागरातल्या इन्कॉइसकडून मिळतात. बंगालच्या उपसागरात गंगा-ब्रह्मपुत्रेचं गोडं पाणी वर पसरून राहतं. हलकं असल्यामुळे ते खालच्या खाऱ्या, थंड पाण्यात सहज मिसळत नाही. वादळानं ढवळलं तरी वरचा थर फारसा गार होत नाही आणि पुढच्या सिस्टिमला ऊब शिल्लक राहते. ज्या वर्षी पावसाळ्यात नद्या जास्त वाहिल्या त्या वर्षी ऑक्टोबरात हा थर कसा असतो आणि त्याचा आपल्या हस्ताच्या पावसाशी काही धागा लागतो का, हे तपासायला जहाजावर जावं लागत नाही. तुमचा प्रबंध समुद्रविज्ञानातही मोजला जाईल ते या प्रकरणामुळे.

एल निनोबद्दल, म्हणजे प्रशांत महासागराचं पाणी नेहमीपेक्षा तापतं त्याबद्दल, एक सावधगिरी. इथे प्रत्येक जण "एल निनो म्हणजे दुष्काळ" म्हणतो. १९७२ ला ते खरं ठरलं, १८७७ लाही. त्या दुष्काळानं सोलापूर जिल्ह्याचे काय हाल केले ते जुन्या गॅझेटियरमध्ये आहे. पण १९९७ मध्ये शतकातल्या मोठ्या एल निनोंपैकी एक असताना देशाचा पावसाळा सरासरीच्या थोडा वरच गेला. दोनच वर्षांनी, १९९९ मध्ये, हिंदी महासागराच्या पूर्व-पश्चिम तापमानातल्या हेलकाव्याचं, म्हणजे इंडियन ओशन डायपोलचं, वर्णन छापून आलं आणि १९९७ चं कोडं काही प्रमाणात सुटलं. शिवाय देशाची सरासरी आणि सोलापूर या दोन वेगळ्या गोष्टी. देशाचा आकडा मुख्यतः मध्य भारताच्या जुलै-ऑगस्टवर ठरतो, आपला सप्टेंबरवर. तेव्हा देशपातळीवरचं समीकरण उचलून जिल्ह्याला लावू नका.

आणखी एक छोटी सूचना, प्राध्यापकांना कदाचित आवडणार नाही. कृषी-हवामानात वर्षाचे ५२ आठवडे पाडतात. ते ठेवाच. पण एक प्रकरण नक्षत्रांप्रमाणे मांडा. नक्षत्र तेरा-चौदा दिवसांचं, तारखा दर वर्षी जवळपास त्याच. संख्याशास्त्राला काही फरक पडत नाही. आणि "एकोणचाळिसावा आठवडा" म्हटलं तर गावात कोणी ऐकणार नाही, "हस्ताचा पाऊस" म्हटलं की पारावरचा माणूस तुमच्या आलेखातली चूक काढून दाखवेल. सोलापूरचं कोरडवाहू शेती संशोधन केंद्रही गाठा. इथे १९३० च्या दशकापासून अवर्षणप्रवण शेतीवर काम चाललंय, आणि ओल, बाष्पीभवन, पेरणीची वेळ यातलं जितकं शहाणपण त्यांच्याकडे आहे तितकं आम्हा मॉडेलवाल्यांकडे नाही.

तयारीचं थोडक्यात. तुमच्या एम.एस्सी.त द्रवगतिकी बहुधा नीट शिकवली जाणार नाही, ती एनपीटीईएलच्या ऑनलाइन व्याख्यानांवरून स्वतः करा. कोरिऑलिस बल (पृथ्वी फिरते म्हणून वाऱ्याला वळवणारं) नुसतं सूत्र म्हणून नको, हाताने गणितं सोडवून. संख्याशास्त्र भरपूर. पायथॉन आणि लिनक्स आत्तापासून. फोरट्रान लागलं तर तेव्हा शिकाल. इंग्रजीची भीती सहा महिन्यांत जाते, गणिताची जायला वेळ लागतो.

पोटापाण्याचं. हवामान विभाग आणि पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या संस्थांत शास्त्रज्ञांच्या जागा निघतात, पण दर वर्षी निघतीलच असं नाही आणि निघाल्या तर गर्दी असते. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये मिशन मौसमला दोन वर्षांसाठी २,००० कोटी मंजूर झाले, त्यात प्रकल्पांवरची कंत्राटी कामं बरीच असतात. कंत्राटी म्हणजे कंत्राटी, हे धरून चाला. खासगीत आता सौर आणि पवन वीज हा मोठा ग्राहक आहे. त्या प्रकल्पांना दिवसाच्या पंधरा-पंधरा मिनिटांच्या ९६ ठोकळ्यांत किती वीज येईल ते आधी कळवावं लागतं आणि अंदाज फार चुकला तर दंड बसतो, म्हणून ढगांचा अंदाज सांगणाऱ्याला तिथे पगार आहे. पीक विमा आणि पुनर्विमा कंपन्याही माणसं घेतात. प्राध्यापकीच्या भरवशावर मात्र राहू नका, ती भरती कधी निघेल हे मान्सूनपेक्षा अवघड आहे. वडिलांना खात्रीची नोकरी हवी असेल तर एम.एस्सी. झाल्यावर बी.एड. करायला वाट मोकळी आहेच; एक वर्ष नेटसाठी मागून घ्या.

शेवटी मार्गदर्शक. नावावर, पदावर जाऊ नका. त्यांचे मागचे दोन-तीन विद्यार्थी शोधा आणि त्यांना एकटं गाठून विचारा: किती वर्षं लागली, मसुदा वाचून परत किती दिवसांत यायचा, पेपरवर पहिलं नाव कोणाचं पडलं. "पैसे भरून आठ दिवसांत छापून देणारं जर्नल आहे" असं जे सुचवतील तिथून चहा न पिता उठा. आणि पहिल्या भेटीला जाताना विषयाची यादी नेऊ नका, १७.७५-७६.०० या बिंदूचा १९०१ पासूनचा सप्टेंबरचा पाऊस काढून तो एक आलेख न्या. समोरच्यानं तो पाहून पहिला प्रश्न "ही नोंद कुठल्या मापकांवरून आली?" असा विचारला तर नोंदणीचा फॉर्म भरायला हरकत नाही.